चित्रांसाठी ग्रंथाचा बळी

जुन्या सचित्र ग्रंथांना अलीकडे भाव आला आहे. एके काळी रद्दीच्या तागडीत पडणारी पुस्तके आता काचेच्या कपाटात मानाने ठेवली जातात, लिलावांच्या याद्यांत त्यांची नावे येतात. ज्या चित्रकारांना त्यांच्या हयातीत ‘पुस्तकांची चित्रे काढणारे’ म्हणून कलेच्या दरबारात खालच्या पायरीवर बसविले जात असे, त्यांच्या कामाची प्रदर्शने भरू लागली आहेत. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. वरवर पाहता ही सारी सुचिन्हेच होत. परंतु या नव्या रसिकतेच्या पाठीमागे एक संहारही चालू आहे, आणि त्याची दखल घेण्याची गरज कोणास वाटलेली दिसत नाही.

जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशा ग्रंथांतील रंगीत चित्रे चौकटीत बसवून विकावयास ठेवलेली असतात. खाली चित्रकाराचे नाव आणि साल असते. ग्रंथाचे नाव असतेच असे नाही. गिऱ्हाईक ते चित्र घरी नेते, भिंतीवर लावते, आणि एका कलाकृतीचे आपण जतन केले अशा समाधानात राहते. त्या एका चित्रासाठी एक ग्रंथ फाडला गेला आहे, हे त्याला सांगण्यात कोणाचेच हित नसते.

धुरंधरांचेच उदाहरण घेणे सोयीचे. १८६७ मध्ये कोल्हापुरास जन्मलेले हे चित्रकार १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ मध्ये त्याच संस्थेतून निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नावच या हिशेबावर बेतलेले आहे. तैलचित्रे, भित्तिचित्रे, जाहिराती, पोस्टकार्डे असे त्यांचे काम अफाट. पण सामान्य वाचकाच्या हातात ते पोहोचले ते मासिके व ग्रंथ यांच्या वाटेने. एस. एम. एडवर्ड्‌स हे मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांतील जीवनाविषयीच्या पुस्तकाला (‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’, १९१२) धुरंधरांची चित्रे आहेत. सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ला (१९१४) त्यांचीच. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथात तर त्यांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत, आणि नेमका हाच ग्रंथ कात्रीखाली सर्वांत अधिक सापडतो.

हे घडते कसे, हे समजण्यासाठी त्या काळचे मुद्रणतंत्र थोडे ध्यानात घ्यावयास हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी रंगीत चित्र छापण्यासाठी हाफटोन पद्धतीचे तीन ठसे करीत. एक पिवळ्या, एक तांबड्या आणि एक निळ्या शाईचा. सूक्ष्म ठिपक्यांच्या या ठशांना गुळगुळीत आर्ट पेपरच लागे. मजकुराच्या जाडसर, खरबरीत कागदावर ते ठिपके नीट उठत नसत. म्हणून चित्रे निराळ्या कागदावर, निराळ्या यंत्रावर छापावयाची, मागची बाजू कोरी ठेवावयाची आणि मग बांधणीच्या वेळी ती फर्म्यांच्या मध्ये घालावयाची किंवा कडेला खळ लावून चिकटवावयाची, अशी रीत पडली. इंग्लंडात आर्थर रॅकहॅम यांची ‘रिप व्हॅन विंकल’ची चित्रे (१९०५) आणि एडमंड ड्युलाक यांची अरबी सुरस कथांची चित्रे (१९०७) याच तंत्रावर छापली गेली आणि नाताळच्या भेटीसाठी असले ग्रंथ घेण्याची तेथे चालच पडली. मुंबईच्या प्रकाशकांपुढे तोच आदर्श होता. या तंत्राने ग्रंथाला रंग दिला. पण चित्र ग्रंथाच्या देहात मुरले नाही, पाहुण्यासारखे पानांत येऊन बसले. पाते एकदा फिरले की ते अलगद बाहेर येते. मागे मजकूर नाही, कागद उत्तम, आकार चौकटीजोगा. विक्रेत्याला आणखी काय हवे?

यापुढचा हिशेब कोणाही कारकुनाला कळेल असा सोपा आहे. समजा, अठ्ठेचाळीस चित्रांचा एक ग्रंथ अखंड स्थितीत चोवीस हजार रुपयांना विकला जातो, आणि त्यातील एकेक चित्र चौकटीवाचून एक हजाराला जाते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु प्रमाण असेच काहीसे राहते. अखंड ग्रंथाचे गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांत एखादे येणार, तेही घासाघीस करणार. सुट्या चित्रांना मात्र हॉटेलवाले, घरसजावट करणारे, लग्नात भेट देणारे असे गिऱ्हाईक रोजचे. अशा वेळी पाते उचलणाऱ्या दुकानदाराला दुष्ट ठरविण्यात फारसा अर्थ नाही. जुना वाडा पाडून त्याचे कोरीव खांब, तुळया नि गणेशपट्टीचे दरवाजे वेगवेगळे विकणारा व्यापारी जे करतो, तेच हा करतो. वाड्यापेक्षा खांबांना किंमत अधिक झाली की वाडा उभा राहत नाही.

यावर अर्थशास्त्राच्याच भाषेत असे उत्तर दिले जाते की, ग्रंथ फाडले जाऊन दुर्मिळ झाले म्हणजे अखंड प्रतीची किंमत चढेल, आणि मग फाडणे आपोआप परवडेनासे होईल. हे तत्त्वतः खरे आहे. परंतु तो तोल साधेपर्यंत किती प्रती खर्ची पडाव्या लागतील, याचा विचार त्यात नाही. धान्याचा भाव चढला तर शेतकरी पुढच्या हंगामात अधिक पेरा करतो. १९२० सालचा ग्रंथ पुढच्या हंगामात पिकत नाही. पुरवठा कायमचा ठरून गेलेल्या वस्तूच्या बाबतीत बाजारावर विसंबणे म्हणजे विहीर आटल्यावर पाण्याचे मोल कळेल या भरवशावर स्वस्थ बसणे होय.

त्यात आणखी एक मेख आहे, आणि ती संग्राहकांच्या स्वभावात आहे. संग्राहकाला प्रत सर्वांगपरिपूर्ण हवी असते. अठ्ठेचाळीसपैकी दोन चित्रे गहाळ असली की तो ग्रंथ ‘अपूर्ण’ ठरतो आणि त्याची किंमत दोन चित्रांइतकी नव्हे, तर निम्म्याहून खाली येते. मग उरलेली सेहेचाळीस चित्रे सुटी करून विकणे हाच त्यातून पैसे काढण्याचा मार्ग राहतो. म्हणजे परिपूर्णतेचा हा हव्यासच अपूर्ण प्रतींचा काळ ठरतो. ज्याला ग्रंथांविषयी खरी आस्था आहे, त्याने या जखमी प्रती विकत घ्याव्यात. त्या स्वस्त मिळतात; शिक्षकाच्या, कारकुनाच्या, क्वचित विद्यार्थ्याच्याही आवाक्यात असतात. सचित्र ग्रंथांचा संग्रह हा धनिकांचाच छंद आहे असा जो समज झालेला आहे, तो निर्दोष प्रतीच्या अट्टाहासातून झालेला आहे. वाचणाऱ्याला व पाहणाऱ्याला दोन चित्रे कमी असलेली प्रतही पुष्कळ काही देते.

आता कोणी विचारील की, चित्र जर सुरक्षित राहिले, उलट भिंतीवर येऊन अधिक लोकांनी पाहिले, तर नुकसान ते काय झाले? या प्रश्नाचे उत्तर त्या दोन ग्रंथांतच मिळते.

किंकेड यांचे पुस्तक म्हणजे मराठी घराघरांतून श्रावणात सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांचा इंग्रजी अवतार. वारावारांच्या कहाण्या त्यात आहेत. सोमवारची ती देवाचा गाभारा दुधाने भरू पाहणाऱ्या राजाची व खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीची. आटपाट नगरही तेथे ‘आटपाट’ याच नावाने आले आहे. किंकेड सनदी अधिकारी. महाराष्ट्रावर त्यांचे प्रेम खरे, पुढे द. ब. पारसनीस यांच्या सहकार्याने त्यांनी मराठ्यांचा इतिहासही लिहिला. तरीही त्यांची भाषा परक्या वाचकासाठी कहाणी सजविणारी आहे. तिच्या शेजारी धुरंधरांचे चित्र येते. या चित्रकाराला कहाणी कोणी समजावून सांगावयास नको होती. ज्या घरात ती सांगितली जाते ते घर, ते लुगडे नेसण्याची ढब, बसण्या-उठण्याची लकब, हे सारे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. इंग्रज बालकाला परीकथा सांगणारा मजकूर आणि मराठी घराची खूण पटविणारे चित्र, या दोहोंच्या ओढाताणीत त्या पुस्तकाचा खरा रस आहे. चित्र सुटे केले की ‘जुन्या काळातील एक देखणी स्त्री’ एवढेच उरते. कहाणी गेली, ओढाताणही गेली.

रॉथफेल्ड यांच्या ग्रंथाचे थोडे निराळे आहे. त्यातील मजकूर आज वाचवत नाही, असे स्पष्टच म्हटले पाहिजे. प्रांत, जात, व्यवसाय यांनुसार स्त्रियांचे नमुने मांडावयाचे, त्यांच्या रूपागुणांवर साहेबी थाटाने निर्णय द्यावयाचे, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची वृत्ती त्यात पानोपानी आहे. ‘मजकूर टाकाऊ, चित्रे तेवढी ठेवा’ असा सल्ला या ग्रंथाबाबत सहज दिला जातो, आणि तो पटण्याजोगाही वाटतो. परंतु तो मजकूर काढून टाकल्यावर चित्रांचे काय होते? माणसांची जातवार मांडणी करणाऱ्या एका प्रकल्पासाठी ही चित्रे काढवून घेतली गेली, ही गोष्टच पुसली जाते, आणि ती निष्पाप, मनोहर अशी होऊन बसतात. त्या चौकटीत राहूनही धुरंधरांनी कोठे नमुन्याऐवजी जिवंत बाई रंगविली आणि कोठे नुसता नमुनाच, याची छाननी मजकूर समोर असल्यावाचून करता यावयाची नाही. नकोसा मजकूर हा तेथे पुरावा आहे. तो फाडून टाकणे म्हणजे चित्रकारावरही अन्याय आणि इतिहासावरही.

बाजाराला एवढा दोष दिल्यावर वाचनसंस्थांकडेही वळावयास हवे, कारण मराठी ग्रंथचित्रांची सर्वांत मोठी हानी पैशाच्या लोभाने नव्हे, तर टापटिपीच्या हौसेने झालेली आहे. मराठीत सचित्र वाङ्मयाचा मुख्य प्रवाह ग्रंथांपेक्षा नियतकालिकांतून वाहिला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढून पुढच्या शतकभराचा पायंडा पाडला. पुण्याच्या चित्रशाळेने १९१० मध्ये ‘चित्रमय जगत्’ काढले. मडगावचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर यांनी ‘रत्नप्रभा’ काढला. चित्रकारच संपादक-प्रकाशक झाल्यामुळे या अंकांत चित्र हे मजकुराचे शेपूट राहिले नाही. त्यांची मुखपृष्ठे हीच त्यांची ओळख होती.

आणि ग्रंथालयांनी काय केले? वर्षाचे अंक गोळा झाले की ते बाइंडरकडे जात. तो पहिल्याने मुखपृष्ठे नि जाहिरातींची पाने काढून टाकी, कारण ती जाड, गुळगुळीत, शिवणीत न बसणारी आणि ‘वाचनीय मजकूर नसलेली’. मग उरलेला गठ्ठा काळ्या किंवा तपकिरी कापडी पुठ्ठ्यात बांधून, कण्यावर सोनेरी अक्षरांत नाव व साल घालून, मोठ्या आदराने कपाटात ठेवला जाई. असे खंड कोणत्याही जुन्या ग्रंथालयात पाहावयास मिळतात. कथा शाबूत, कविता शाबूत, मुखपृष्ठ नाही. पुस्तकांवरच्या वेष्टनांचीही तीच गत. दलालांनी नि मुळगावकरांनी केलेली वेष्टने पुस्तक दाखल होताच पहिल्या दिवशी काढली जात, कारण वाचकांच्या हाती ती फाटतात! फाटू नयेत म्हणून फेकून द्यावयाची, असा हा न्याय. घरोघरी दिवाळी अंकांतील रंगीत चित्रे कापून भिंतीवर लावणाऱ्या गृहिणींनी त्यामानाने अधिक चित्रे वाचविली असतील. त्यांना ती निदान पाहावीशी तरी वाटत होती.

या उपेक्षेचे मूळ नोंदीच्या पद्धतीत आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारजमा करणे बंधनकारक केले आणि ती नकाशे व चित्रे यांसह, उत्तमात उत्तम प्रतीइतकीच रंगविलेली असावी, अशी अट घातली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये ग्रंथप्रदानाचा जो कायदा झाला, त्यातही राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावयाच्या प्रतीसाठी हीच अट कायम राहिली. म्हणजे चित्रे हा ग्रंथाचा अविभाज्य भाग आहे, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वीच मान्य होते. पण त्याच १८६७ च्या कायद्यात पुस्तकांची जी सूची ठेवावयास सांगितले होते, तिच्यातील रकाने पाहावेत. नाव, भाषा, लेखक, भाषांतरकार अथवा संपादक, विषय, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत, एवढेच नव्हे तर स्वामित्वहक्काच्या मालकाचे नाव व पत्ता. चित्रकाराचा रकाना नाही. चित्रे हवीत, ती काढणारा मात्र नोंदीस पात्र नाही, हा दंडक तेथून ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्यांत उतरला आणि तेथेच मुरला.

याला अपवाद सापडतात, आणि ते मासलेवाईक आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाच्या (१९३३) शीर्षकपृष्ठावर संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याबरोबर चित्रकाराचेही नाव आहे. ते चित्रकार म्हणजे औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९१६ मध्ये रामायणावरील आपल्या चित्रांचा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी काढला होता आणि महाभारताच्या या प्रकल्पाला त्यांचे द्रव्यसाहाय्यही मोठे होते. साहेबाच्या इंग्रजी पुस्तकांवर धुरंधरांचेही नाव शीर्षकपृष्ठावर आलेले आहे. मराठी पुस्तकांत मात्र ‘मुखपृष्ठ : अमुक’ अशी बारीक टायपातली ओळ किंमत नि मुद्रणस्थळ यांच्या गर्दीत कोठे तरी बसविलेली असते. शीर्षकपृष्ठावर चढण्यासाठी चित्रकाराने एक तर संस्थानिक असावे, नाही तर परभाषेतील ग्रंथाची चित्रे काढावीत, असा नियम आहे की काय, न कळे.

सारीच जुनी चित्रे थोर आहेत, असा दावा येथे अभिप्रेत नाही. मुळगावकरांच्या देवदेवता नि नायिका पुष्कळदा साखरेच्या पाकातून काढल्यासारख्या गोड होतात. दलालांनाही मागणीच्या रेट्यात स्वतःचीच पुनरावृत्ती करावी लागली. रंगीत चित्रांच्या या कौतुकात काळ्या रेषेची चित्रे तर पार मागे पडली आहेत. द. ग. गोडसे, बाळ ठाकूर, वसंत सरवटे यांची रेखाटने मजकुराच्याच कागदावर, अक्षरांच्या शेजारी छापलेली. मागे मजकूर असल्यामुळे ती कापून विकता येत नाहीत. बाजाराच्या पात्यापासून ती बचावली. त्यांच्यावर घाव पडतो तो निराळ्या वाटेने. नवी आवृत्ती निघते तेव्हा पाने वाचविण्यासाठी ती गाळली जातात, किंवा आकार बदलून कोपऱ्यात सारली जातात. लेखकाचे एक वाक्य वगळले तर समीक्षक लेखणी उपसतात. दहा रेखाटने वगळली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. गुणावगुण ठरविण्यासाठी का होईना, मूळ आवृत्ती पुढ्यात असली पाहिजे.

तेव्हा करावयाचे काय? फाडण्यास कायद्याने बंदी घाला, ही मागणी निरर्थक आहे. आपल्या मालकीचे पुस्तक फाडण्यापासून कोणास कसे रोखणार, आणि पाते फिरते ते बंद दाराआड. मागणीकडूनच काही करता आले तर येईल. सुटे चित्र घेणाऱ्याने ते कोणत्या ग्रंथातले, हे विचारण्याची सवय लावून घेतली, तरी विक्रेत्याच्या मनात थोडी चलबिचल होईल. याहून परिणामकारक उपाय म्हणजे अशा ग्रंथांच्या अखंड, रंगीत, मजकुरासह पुनर्मुद्रित आवृत्त्या काढणे. ज्याला भिंतीवर चित्र हवे, त्याला नवी छपाई पुरेल. जुन्या प्रतीवरील भार तेवढा हलका होईल. धुरंधर १९४४ मध्ये वारले. त्यांच्या निधनानंतरची साठ वर्षे २००४ अखेर पुरी झाली, आणि त्यांची ग्रंथचित्रे छापण्यास तेव्हापासून कोणाच्या अनुमतीची अडचण राहिलेली नाही. विद्यापीठांना व साहित्यसंस्थांना हे काम मनात आणल्यास कठीण नाही. दलालांचे निधन १९७१ चे. त्यांच्या चित्रांची मुदत २०३१ अखेरपर्यंत आहे, म्हणून तेथे हक्कदारांशी रीतसर करार करावा लागेल.

संगणकीय प्रती काढण्याचे जे काम गेल्या पंचवीस वर्षांत झाले, त्यातही हीच बेफिकिरी दिसते. अक्षर वाचता आले म्हणजे झाले, या समजुतीने कितीतरी सचित्र पुस्तके निव्वळ काळ्या-पांढऱ्यात उतरविली गेली. रंगीत चित्राच्या जागी त्यांत शाईचा डाग दिसतो. पुस्तकाची प्रत निघाली आहे अशी नोंद एकदा झाली की तेच काम पुन्हा कोणी हाती घेत नाही, म्हणून अशा प्रती काही वेळा नसल्यापेक्षाही अपायकारक ठरतात.

चित्रकारांची नोंद हे काम तर बिनखर्चाचे आहे. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली. तिचा १८०० ते १९३७ या काळाचा भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० चा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या चिकाटीने ग्रंथांचे जे झाले, ते चित्रांचे गावोगावच्या ग्रंथालयांनी वाटून घेतल्यास होण्याजोगे आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावयास विषय सापडत नाहीत अशी अध्यापकांची तक्रार असते. आपल्या गावच्या ग्रंथालयातील १९६० पूर्वीच्या सचित्र पुस्तकांत कोणाची चित्रे आहेत, किती आहेत, किती गहाळ आहेत, एवढे दहा विद्यार्थ्यांनी एका सुटीत लिहून काढले तरी ती पहिली विश्वसनीय यादी ठरेल. चित्राखालची सही वाचणे हा त्यातला कठीण भाग. तो एकमेकांना विचारून सुटतो.

आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांना एक परिपत्रक पाठविण्यास शासनाला अडचण पडू नये. मुखपृष्ठे, मलपृष्ठे, जाहिराती व वेष्टने यांसह अंक व पुस्तके बांधावीत. वेष्टन टिकण्याजोगे नसेल तर ते घडी घालून पुठ्ठ्याच्या आतील बाजूस चिकटवावे. आणि दाखल नोंदवहीत लेखकाच्या रकान्याशेजारी चित्रकाराचा एक रकाना आखावा.